'अलाऊ' या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. वर्गात मराठी शाळेतून दहावी झालेली मुलं असतात, उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कामगार असतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आयाही असतात. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली अशा गावांतून फोनवर प्रश्न येतात ते वेगळेच. त्यात एका शब्दावर पुन्हा पुन्हा गाडी अडते, तो म्हणजे 'अलाऊ'. आपण मराठी बोलतानासुद्धा तो दिवसातून दहादा वापरतो, म्हणूनच तो इंग्रजीत चुकतो. आलेले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. 'अलाऊ' म्हणजे परवानगी देणे, एवढंच ना?

ते निम्मं उत्तर झालं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधले दोन शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. 'अल्लाउदारे' म्हणजे वाखाणणे, पसंती देणे. 'अल्लोकारे' म्हणजे एखाद्यासाठी जागा किंवा वाटा नेमून देणे. पहिल्यातून आपल्या ओळखीची परवानगी आली. दुसऱ्यातून भत्ता, सूट, राखून ठेवलेला वेळ, धातूच्या कामात सोडलेली जागा हे सगळे अर्थ आले. 'अ‍ॅलोकेट' हा शब्दही त्याच दुसऱ्या घराण्यातला.

म्हणून मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो, की 'अलाऊ' ऐकलं की 'परवानगी' आणि 'जागा ठेवणे' हे दोन्ही अर्थ मनात उभे करा. पुढचे बरेच प्रश्न, विशेषतः १२, १३ आणि १४, या दुसऱ्या अर्थामुळेच पडतात.

२. उच्चार 'अलाऊ' की 'अलो'? आमच्या शाळेत 'अलो' म्हणायचे.

'अलाऊ'. 'काऊ', 'नाऊ' यांच्याशी जुळणारा. 'स्लो' आणि 'फॉलो' यांच्या शेवटी तीच अक्षरं असल्यामुळे गोंधळ होतो. जोर दुसऱ्या भागावर, 'लाऊ'वर द्यायचा. भूतकाळी रूप 'अलाउड'. 'मोठ्याने' या अर्थाच्या 'अलाउड'चा उच्चारही अगदी हाच आहे, फक्त स्पेलिंग वेगळं. परवानगीवाल्यात एल दोनदा आणि शेवटी डब्ल्यू-ई-डी, मोठ्यानेवाल्यात एल एकदाच आणि शेवटी ओ-यू-डी. ऐकून लिहिण्याच्या परीक्षेत इथे मार्क जातात.

३. "दे आर नॉट अलाऊ अस" यात काय चुकलं? सगळे असंच तर बोलतात.

सगळे बोलतात, कारण चूक आपल्या मराठीतून येते. आपण म्हणतो, "आत अलाऊ नाही" किंवा "तिथं अलाऊ करत नाहीत की." मराठीत 'अलाऊ' हा नामासारखा वापरलेला शब्द आहे, आणि नकाराचं काम 'नाही' करतो. इंग्रजी बोलायची वेळ आली की त्या 'नाही'च्या जागी हाताशी असलेलं 'इज नॉट', 'आर नॉट' आपोआप येतं.

वाक्य कुणापासून सुरू करताय ते आधी ठरवा. अडवणाऱ्यापासून सुरू केलंत तर "दे डोन्ट अलाऊ अस इनसाइड." ज्याला अडवलं त्याच्यापासून सुरू केलंत तर "वी आर नॉट अलाउड इनसाइड." पहिल्यात 'डोन्ट' आणि मूळ रूप, दुसऱ्यात 'आर नॉट' आणि 'अलाउड'. या दोन वाक्यांची सरमिसळ झाली की "दे आर नॉट अलाऊ" तयार होतं. त्याहून मोठा घोटाळा "दे आर नॉट अलाउड"चा आहे. हे व्याकरणात बरोबर बसतं, पण अर्थ उलटतो, त्यांनाच आत सोडत नाहीत असा होतो. कॅम्पात लष्करी फाटकावर अडवलेल्या मुलाने घरी येऊन "दे वेअर नॉट अलाउड" म्हटलं, तर जवानालाच कुणीतरी बाहेर ठेवलं असं ऐकणारा समजेल.

४. 'अलाऊ'नंतर 'टु' कधी लावायचं आणि 'आयएनजी' कधी?

या प्रश्नावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देतो.

'अलाऊ'च्या पंगतीत तीन पानं वाढलेली असतात. एक मोकळीक देणाऱ्याचं, दुसरं ती मिळणाऱ्याचं, तिसरं कामाचं. "बाबा सहलीला जाऊ देत नाहीत" या मराठी वाक्यात दुसरं पान रिकामं आहे. कुणाला जाऊ देत नाहीत? मला, हे न सांगता कळतं. मराठीला ते चालतं, इंग्रजीला चालत नाही. पुढे 'टु' घालून काम सांगायचं असेल तर मधल्या पानावर माणूस बसवलाच पाहिजे: "माय फादर डजन्ट अलाऊ मी टु गो ऑन द ट्रिप." "माय फादर डजन्ट अलाऊ टु गो" हे वाक्य मधला माणूस नसल्यामुळे पडतं.

माणूस सांगायचाच नसेल, नियम सर्वांनाच असेल, तर कामाला 'आयएनजी' लावा: "द लायब्ररी डजन्ट अलाऊ ईटिंग." किंवा नुसती वस्तू सांगा: "दे डोन्ट अलाऊ मोबाइल फोन्स."

कॉलेजची मुलं प्रोजेक्ट रिपोर्टात एक चूक हमखास करतात: "धिस सिस्टम अलाऊज टु सर्च द रेकॉर्ड्स." इंजिनीअरिंगचे किती रिपोर्ट मी तपासून दिले असतील, प्रत्येकात हे वाक्य सापडतं. 'अलाऊज'नंतर 'यू', 'युजर्स', 'द टीचर' असं कुणीतरी यायला हवं: "धिस सिस्टम अलाऊज युजर्स टु सर्च."

माणूस वाक्याच्या सुरुवातीलाच आला की मधलं पान आपोआप भरतं, म्हणून "युजर्स आर अलाउड टु सर्च" बरोबर. प्रश्न ३ मधली दुसरी रचना ती हीच.

५. 'लेट' आणि 'अलाऊ' यांत फरक काय? आणि 'सोडत नाहीत' याचं इंग्रजी 'लीव्ह' का नाही?

'लेट' म्हणजे आपलं 'जाऊ दे, खाऊ दे, बसू दे' यातलं 'दे'. घरगुती आणि हलकं. 'जाऊ' या रूपाला जसं काही चिकटत नाही तसं 'लेट'नंतरच्या क्रियापदालाही 'टु' चिकटत नाही: "माय मदर लेट मी गो." 'अलाऊ' थोडा औपचारिक, आणि त्याला 'टु' लागतं: "माय मदर अलाउड मी टु गो." 'मला जाऊ दिलं गेलं' अशी उलटी रचना 'लेट'ला जमत नाही. "आय वॉज लेट टु गो" कुणी म्हणत नाही, तिथे "आय वॉज अलाउड टु गो"च लागतं.

भांडण मिटवायला आपण म्हणतो ते "जाऊ दे की" इंग्रजीत "लेट इट गो". लंडनच्या तरुण पोरांच्या बोलीत "अलाऊ इट"चा अर्थ हाच होतो, पण ती त्यांची गल्लीतली भाषा. परीक्षेत किंवा कामाच्या ठिकाणी नको.

आता 'सोडणे'. आपल्याकडे "घरातनं सोडत नाहीत" हे रोजचं वाक्य. कन्नडातही 'होगलु बिडु' म्हणताना 'बिडु' म्हणजे सोडच. दोन्ही बाजूंनी तोच धक्का बसतो, आणि तोंडातून निघतं, "माय फादर इज नॉट लीव्हिंग मी फॉर ट्रिप." इंग्रजी माणूस याचा अर्थ 'माझे वडील मला टाकून सहलीला जात नाहीत' असा लावेल. सोडणे म्हणजे मोकळीक देणे असेल तिथे 'लेट' किंवा 'अलाऊ', निघून जाणे असेल तिथे 'लीव्ह'.

६. 'परमिट' म्हणजे तेच ना?

क्रियापद म्हणून अर्थ तोच आणि रचनाही तीच, प्रश्न ४ मधले सगळे नियम लागू. फक्त हा कागदपत्रांचा, नियमावलीचा शब्द. आईला "परमिट मी टु गो" म्हणू नका, ती कुणी साहेबीण असल्यासारखं वाटेल.

'परमिट'चं क्रियापद असेल तर जोर 'मिट'वर, नाम असेल तर 'पर'वर. नाम म्हणजे हातात धरायचा कागद: रिक्षाचं परमिट, दुसऱ्या राज्यात गाडी न्यायचं परमिट. सीमेपलीकडे कागलकडे गेलं की दिसणारे 'परमिट रूम'चे बोर्ड कोगनोळी ओलांडून इकडे आलं की दिसत नाहीत, इकडे 'बार अँड रेस्टॉरंट' दिसतं. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याखाली पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं. तिकडच्या पाटीवर तो शब्द त्यामुळे आहे. 'अलाऊ रूम' कधी होणार नाही, कारण इंग्रजीत 'अलाऊ' हे नाम नाही.

७. कन्नडमध्ये 'परवानगि' लिहिलंय, मी 'परमिशन' असं भाषांतर केलं, ते परत पाठवलं. का?

कारण शब्द एकच असला तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याचं काम वेगळं आहे. फारसीतून तो मराठीत आला आणि कन्नडमध्येही गेला. मराठीत आपण दोन शब्द वेगळे ठेवले: 'परवानगी' म्हणजे मोकळीक, 'परवाना' म्हणजे लायसन्स. सरकारी कन्नडमध्ये मात्र 'परवानगि' बहुतेक वेळा लायसन्सच असतं. गाडीच्या लायसन्सला 'चालना परवानगि', दुकानाच्या ट्रेड लायसन्सला 'उद्दिमे परवानगि'. अर्जाचं इंग्रजी करताना तिथे 'परमिशन' लिहिलं तर साहेब परत पाठवणारच.

आपल्या परवानगीला कन्नडमध्ये 'अनुमति' किंवा 'अप्पणे'. ऑफिसच्या दारावर "अप्पणे इल्लदे ओळगे बरबारदु" असतं, म्हणजे विचारल्याशिवाय आत येऊ नये. त्या 'अप्पणे'चं इंग्रजी 'परमिशन' बरोबर.

तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांचं मला या बाबतीत मनापासून कौतुक वाटतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा प्रश्न पडायचं कारणच नाही. इथल्या चौथीतल्या मुलालाही एकाच शब्दाची दोन वजनं तोलावी लागतात, आणि एकदा दाखवून दिलं की ते बरोबर तोलतात.

८. "मे आय", "कॅन आय" आणि "अ‍ॅम आय अलाउड" यांतलं कुठलं कुठे?

'मे आय' आणि 'कॅन आय' हे समोरच्या माणसालाच विचारणं झालं. सरांना "मे आय कम इन?", मैत्रिणीला "कॅन आय टेक युवर पेन?" निर्णय त्यांच्या हातात.

'अ‍ॅम आय अलाउड' किंवा 'आर वी अलाउड' हे नियमाबद्दल विचारणं. किल्ल्यात फोटो काढायचाय आणि फाटकावर वॉचमन बसलाय. नियम त्याने केलेला नाही, तो फक्त राखतो. त्याला "आर वी अलाउड टु टेक फोटोज हिअर?" विचारा. सरांच्या दारात उभं राहून "सर, अ‍ॅम आय अलाउड टु कम इन?" विचारलं तर मात्र आपल्यावर बंदी घातली होती की काय असं वाटतं.

भूतकाळात एक खाच आहे. "लहानपणी आम्ही तळ्यावर खेळू शकायचो" अशा नेहमीच्या गोष्टीला 'कुड' आणि 'वेअर अलाउड टु' दोन्ही चालतात. एकदाच घडलेल्या गोष्टीला 'कुड' चालत नाही. "काल मला लवकर घरी सोडलं" म्हणजे "यस्टर्डे आय वॉज अलाउड टु गो होम अर्ली." नकारात पुन्हा दोन्ही चालतात.

९. रजेच्या अर्जात "प्लीज अलाऊ मी टू डेज लीव्ह" लिहिलं तर चालेल?

समजेल, आणि रचनाही चूक नाही. 'अलाऊ' दोन कर्मं घेतो, एकाला एक गोष्ट नेमून देणे या अर्थी: "द एक्झामिनर अलाउड अस टेन मिनिट्स." पण रजेला आपल्याकडच्या ऑफिसांत आणि शाळांत 'ग्रँट' हा रुळलेला शब्द: "काइंडली ग्रँट मी टू डेज लीव्ह." लवकर जायचं असेल तर "काइंडली अलाऊ मी टु लीव्ह अ‍ॅट थ्री." मागायची ती रजा असेल तर 'ग्रँट', करायचं ते काम असेल तर 'अलाऊ'.

१०. दुकानाच्या बोर्डावर काय लिहू? "विदाउट मास्टर परमिशन नॉट अलाऊ" असं पेंटरने लिहून दिलंय.

पेंटरला पैसे देण्याआधी विचारलंत हे बरं केलंत. नको असलेली गोष्ट आधी, मग 'नॉट अलाउड', शेवटी 'डी' विसरायचा नाही: "आउटसाइड फूड नॉट अलाउड." त्याहून सुटसुटीत 'नो' असतो: "नो पार्किंग", "नो एन्ट्री विदाउट परमिशन". 'विदाउट परमिशन' आणि 'नॉट अलाउड' एकत्र घालू नका, एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते.

२०२४च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचं असेल तर दोन-तीन शब्दांची 'नो'वाली पाटीच परवडते.

११. फोन सारखा 'अलाऊ' दाबायला सांगतो. दाबू का?

इथे मधल्या पानावर कोण बसलंय ते बघा. "अलाऊ अमुक अ‍ॅप टु अ‍ॅक्सेस युवर कॉन्टॅक्ट्स?" यात मोकळीक देणारे तुम्ही, मिळणारं ते अ‍ॅप, आणि काम म्हणजे तुमच्या फोनमधले सगळे नंबर वाचणं. वाक्य एवढं फोडून वाचलं की उत्तर तुमचं तुम्हालाच सापडतं. टॉर्चच्या अ‍ॅपला नंबर कशाला हवेत?

ठिकाण, कॅमेरा किंवा माइक मागितला असेल तर खाली सहसा तीन पर्याय येतात. 'व्हाइल युजिंग द अ‍ॅप' म्हणजे अ‍ॅप उघडं असेपर्यंतच, 'ओन्ली धिस टाइम' म्हणजे या खेपेपुरतं, 'डोन्ट अलाऊ' म्हणजे नको. नकाशाला पहिला ठीक. खात्री नसेल तर तिसरा दाबा. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन बदलता येतो. वर्गातल्या मावश्यांना मी हा प्रश्न व्याकरणाच्या आधी शिकवतो.

१२. पगाराच्या स्लिपवर 'अलाउन्स' असतं. परवानगी कसली?

परवानगी नव्हे, नेमून दिलेला वाटा, म्हणजे भत्ता. प्रश्न १ मधला दुसरा अर्थ. 'एचआरए' घरभाडे भत्ता. 'डीए' जपून वाचा. पगाराच्या स्लिपवर तो 'डिअरनेस अलाउन्स', महागाई भत्ता असतो, कन्नड स्लिपवर 'तुट्टिभत्ये'. दौऱ्याच्या बिलात 'टीए-डीए' एकत्र आले की तोच 'डीए' बहुधा 'डेली अलाउन्स', रोजचा भत्ता होतो. सांबऱ्याहून विमानाने जाताना तिकिटावरचं 'बॅगेज अलाउन्स' म्हणजे जादा पैसे न भरता नेता येणारं वजन.

१३. मी फाउंड्रीत नवीन लागलोय. ड्रॉइंगवर 'अलाउन्स' आणि 'टॉलरन्स' दोन्ही असतात. शिकवणारे अण्णा म्हणतात दोन्ही एकच. खरं का?

एक नव्हे, आणि हा फरक समजणं तुमच्या कामाच्या फार उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

उद्यमबागेत एका पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना) बनवणाऱ्या मिस्त्रींच्या बाकावर मी दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या पाहिल्या. दोन्ही स्टीलच्या, दोन्हीवर सारखेच आकडे. मिस्त्रींनी त्या एकमेकींना लावून दाखवल्या. सुरुवातीला रेघा जुळतात, पुढे जाता जाता दुसरीच्या रेघा हळूहळू पुढे सरकतात, आणि ३०० च्या आकड्याजवळ तीन मिलिमीटरचा फरक पडलेला. ती दुसरी श्रिंक रूल. ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून ३०० मिलिमीटरचं कास्टिंग हवं असेल तर लाकडी पॅटर्न ३०३ चा करायचा. हे गणित दर वेळी करायला नको म्हणून पट्टीच ताणून आखलेली. स्टील ओतायचं असेल तर आक्रसणं साधारण दोन टक्के, पट्टी वेगळी.

हे श्रिंकेज अलाउन्स. धातू आक्रसणार हे आधीच मान्य करून त्याच्यासाठी जागा सोडली. मशीनवर घासून काढायच्या तोंडावर दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे, ते मशीनिंग अलाउन्स. पॅटर्न वाळूतून उचलताना कडा ढासळू नयेत म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, ते ड्राफ्ट अलाउन्स. आणि एक उलटंही आहे. उचलण्याआधी पॅटर्न ठोकून सैल करतात, त्याने वाळूतला साचा जरा मोठा होतो, म्हणून पॅटर्न तेवढा लहान करावा लागतो. हे रॅपिंग अलाउन्स वजाबाकीचं.

दोन भाग एकमेकांत बसवायचे असले की अलाउन्स म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट. लहानात लहान भोक ५०.०० आणि मोठ्यात मोठा शाफ्ट ४९.९७, तर अलाउन्स ०.०३ मिलिमीटर. टॉलरन्स म्हणजे एकाच भागाच्या मापात खपवून घेता येणारी चूक. शाफ्ट ४९.९५ ते ४९.९७ मधला कुठलाही चालत असेल तर टॉलरन्स ०.०२. अलाउन्स आपण ठरवून देतो, टॉलरन्स आपण सहन करतो. अण्णांशी वाद घालू नका, दोन पट्ट्या मागा आणि विचारा, "हे अलाउन्स, मग टॉलरन्स कुठलं?" ते स्वतःच दाखवतील.

१४. 'अलाऊ फॉर' म्हणजे 'च्यासाठी परवानगी' का?

नाही, 'हिशेबात धरणे'. चोर्ला घाटातून गोव्याला निघालात आणि पावसाळा आहे, तर "अलाऊ फॉर द रेन" म्हणजे पावसाने होणारा उशीर आधीच धरून चाला. वेळही सांगता येतो: "अलाऊ अ‍ॅन एक्स्ट्रा अवर फॉर द घाट." मागच्या उत्तरातले मिस्त्री पॅटर्नमध्ये करतात तेच इथे घड्याळात करायचं.

१५. "पावसाने जाऊ दिलं नाही" याचं "रेन डिड नॉट अलाऊ अस टु गो" होईल का?

होईल, पण इंग्रजी माणूस सहज बोलताना "वी कुडन्ट गो बिकॉज ऑफ द रेन" म्हणेल. आपल्या मराठीत पाऊस, नशीब, गुडघे, सगळेच अडवणारे किंवा जाऊ देणारे होतात, आणि ते फार सुंदर आहे. इंग्रजीत ती ढब ठरावीक शब्दप्रयोगांपुरती उरली आहे. "इफ टाइम अलाऊज", "इफ टाइम परमिट्स" चालतं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर "वेदर परमिटिंग" लिहितात, हवा साथ देत असेल तर. तिथे 'वेदर अलाऊइंग'पेक्षा 'परमिटिंग'च रुळलेलं.

१६. सर "उद्या यायला नको" म्हणाले. याचं इंग्रजी काय?

आधी सरांना विचारा, कारण आपल्या 'नको'त दोन अर्थ राहतात. गरज नाही असं असेल तर "यू डोन्ट हॅव टु कम." मनाई असेल तर "यू आर नॉट अलाउड टु कम." पहिल्यात आलात तर काही बिघडत नाही, दुसऱ्यात आलात तर बोलणी खाल. 'नॉट'ची जागा सरकवून "यू आर अलाउड नॉट टु कम" केलं तर न येण्याची मुभा आहे असा तिसराच अर्थ निघतो. तो क्वचित लागतो, पण परीक्षेत विचारतात.

१७. 'डिसअलाऊ' आणि 'नॉट अलाऊ' एकच?

'नॉट अलाऊ' म्हणजे आधीच अडवणे. 'डिसअलाऊ' बहुधा झालेली गोष्ट मोजायला नकार देणे. फुटबॉलमध्ये चेंडू जाळ्यात गेला, पण ऑफसाइड होता, तर "द गोल वॉज डिसअलाउड." आयकरात दाखवलेला खर्च अधिकाऱ्याने धरला नाही तर तोही 'डिसअलाउड'. आणि जुन्या धाटणीच्या इंग्रजीत 'अलाऊ'पुढे 'दॅट' आलं तर अर्थ 'कबूल करणे': "ही अलाउड दॅट ही वॉज राँग." याने परवानगी दिली नाही, चूक मान्य केली.

१८. कोर्टाच्या निकालात "द अपील इज अलाउड" आहे. म्हणजे अपील करायला परवानगी मिळाली ना?

नाही. अपील मंजूर झालं, म्हणजे अपील करणारा जिंकला. "डिसमिस्ड" असेल तर हरला. "अलाउड इन पार्ट" किंवा "पार्टली अलाउड" म्हणजे काही मुद्द्यांवर जिंकला, काहींवर नाही. याचिकेलाही हेच लागू. इथेही प्रश्न १ मधला मान्यतेचा अर्थच कामाला आहे, मागितलेलं मान्य केलं.

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण यात चूक झाली तर मार्क नव्हे, जमीन जाते. आमच्या गल्लीतले एक काका निकालाची प्रत पिशवीत घालून माझ्याकडे आले होते. वाटणीच्या दाव्यात खालच्या कोर्टात ते जिंकले होते, आणि दुसऱ्या बाजूने अपील केलं होतं. मुलाने शेवटचं पान वाचून सांगितलं होतं, की त्यांना अपील करायला अलाऊ केलंय, आता केस सुरू होईल, तारीख कळवतील. घरातले सगळे तारखेची वाट बघत बसले. काकांनी पान उलगडलं, 'अलाउड' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, तारीख कुठं लिहिलीय?" त्याच्याच खालच्या ओळीत होतं, "द जजमेंट अँड डिक्री ऑफ द ट्रायल कोर्ट आर सेट असाइड." सेट असाइड म्हणजे रद्द. काकांचा जिंकलेला निकाल गेला होता, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

जिल्हा कोर्टाच्या अशा निकालावर हायकोर्टात, म्हणजे आपल्यासाठी धारवाड खंडपीठात, दुसरं अपील करायचं तर डिक्रीपासून ९० दिवस असतात, तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असला तर. काकांचे त्यातले जवळजवळ दोन महिने वाट बघण्यात गेले होते. त्याच संध्याकाळी मी त्यांना वकिलांकडे घेऊन गेलो.

तुमच्या हातात असा कागद आला तर शेवटचं पान वाचण्याआधी पहिलं पान वाचा. तिथे दोन बाजूंची नावं असतात. 'अपेलंट' म्हणजे अपील करणारा, 'रिस्पॉन्डंट' म्हणजे समोरचा. 'अलाउड' ही पहिल्याची जीत. तुमचं नाव 'रिस्पॉन्डंट'समोर असेल तर निकालाची तारीख कॅलेंडरवर गोल करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या दारात उभे राहा.